मडकं लावण्याआधी

बजरीगरच्या जोडीला अंडी घालायला लावणं यात काही कसब नाही. पिंजऱ्यात एक मडकं टांगा, रोज मूठभर राळा द्या. दुकानदाराने दिलेली जोडी खरोखर नर-मादीची असेल, तर महिना-दोन महिन्यांत मडक्याच्या तोंडातून मादीचं शेपूट तेवढं बाहेर दिसू लागतं. कसब लागतं ते त्यांना वेळेवर थांबवायला, पिल्लं धडधाकट वाढवायला आणि वाढलेल्या पिल्लांना चांगली घरं शोधून द्यायला. म्हणून 'आमच्या पक्ष्यांना पिल्लं होतील का?' असं कुणी विचारलं, की मी त्यांनाच उलट विचारतो: 'झाली तर कुठे जाणार?'

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांच्या गॅलरीत दोन-चार पक्षी आधीपासून आहेत आणि आता पुढचं पाऊल टाकावं का, असं मनात घोळतंय. उदाहरणं बहुतेक बजरीगर आणि कॉकाटीलची घेतली आहेत, कारण आपल्याकडे सुरुवात याच दोघांपासून होते. दुकानात बजरीगरला सर्रास लव्हबर्ड म्हणतात आणि कॉकाटीलला कॉकटेल. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, अंगाने जाड. हा फरक पुढे कायद्याच्या वेळी लागेल.

पिल्लं का काढायची, याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात. सगळ्यात जास्त ऐकू येतं ते पैशाचं. 'घरबसल्या उत्पन्न' असं मथळ्यात लिहिलेले व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यात पिंजऱ्यांची रांग दिसते. मेलेली पिल्लं, औषधांची बिलं आणि दुकानदाराशी झालेली घासाघीस दिसत नाही. दुकानदार साध्या रंगाच्या बजरीगरला जो भाव देतो, त्यातून दाणे, समुद्रफेस, पिंजऱ्याची डागडुजी आणि वर्षातून एखाद-दुसरी डॉक्टरांची फेरी वजा केली, तर हातात काही राहत नाही. चार जोड्यांवर संसार चालत नाही, आणि चाळीस जोड्या ठेवायच्या तर तो पूर्ण वेळेचा धंदा झाला. त्याचे नियम वेगळे, जागा वेगळी. उत्पन्न हेच कारण असेल तर माझं मत सरळ आहे: नका करू.

दुसरं कारण कळवळ्याचं असतं. 'बिचाऱ्यांना पिल्लं झाली की बरं वाटेल.' पाळीव पक्ष्याला बरं वाटतं ते जोडीदार, मोकळं उडायला जागा, कुरतडायला काहीतरी आणि रोजचा ठराविक दिनक्रम यांनी. पिल्लं न काढलेली बजरीगरची जोडी आयुष्यभर एकमेकांची मान खाजवत, गुजगोष्टी करत मजेत राहते. उलट लागोपाठ अंडी घातलेली मादी तीन वर्षांतच म्हातारी दिसायला लागते.

तिसरं कारण मुलांचं: अंड्यातून पिल्लू येताना त्यांनी पाहावं. इच्छा चांगली आहे. फक्त मुलांना हेही आधीच सांगून ठेवा, की पाच अंड्यांतून पाच पिल्लं येतीलच असं नाही आणि आलेलं प्रत्येक पिल्लू जगेलच असंही नाही. सकाळी शाळेत जाण्याआधी मडक्यात डोकावलेल्या मुलाला थंडगार पडलेलं पिल्लू दिसू शकतं. ते हाताळायची तयारी घरातल्या मोठ्यांची हवी.

चौथं कारण दुर्मीळ, पण खरं: या विषयाचीच आवड. रंग कसे उतरतात, कोणत्या जोडीतून कसलं पिल्लू निघतं, नोंदी कशा ठेवायच्या, याचं कुतूहल. तुम्हाला अंडी मोजण्यापेक्षा वही लिहिण्यात जास्त रस वाटत असेल, तर तुम्ही बहुधा योग्य माणूस आहात.

पिल्लं जाणार कुठे

आधी हिशेब कागदावर मांडा. बजरीगरची मादी एका वेळी साधारण 4 ते 6 अंडी घालते. त्यातली 4 पिल्लं वाढली आणि वर्षात दोनच खेपा होऊ दिल्या, तरी एका जोडीची वर्षाला 8 पिल्लं. ती कुणाला दिली नाहीत आणि पुढच्या वर्षी त्यांच्या चार जोड्या झाल्या (भावंडांची जोडी लावणं वाईट, पण मडकं समोर असलं की ती आपण होऊन लागते), तर त्यांची 32. मूळ जोडीने तोवर आणखी 8 दिलेली असतात. मूळ जोडी, पहिली 8, ही 32 आणि ही नवी 8 मिळून दोन वर्षांत अर्धशतक. 'दोनाचे पन्नास झाले हो, आता घ्या कुणीतरी' असे हताश फोन पक्षी पाळणाऱ्यांना नेहमी येतात, ते असे.

म्हणून मडकं लावण्याआधी एका कागदावर नावं लिहा. 'मित्रमंडळी घेतील' असं मोघम नको. कोण घेणार, त्यांच्या घरी पिंजरा किती मोठा आहे, मांजर आहे का, मे महिन्यात गावी जाताना ते पक्ष्यांचं काय करतात, हे त्यांच्याशी बोलून लिहा. पिल्लं झाल्यावर निम्मी माणसं 'अरे, आत्ता नको' म्हणतात, असं धरूनच चाला. उरलेली पिल्लं तुमच्याकडे वर्षानुवर्षं राहिली तर जागा आणि खर्च परवडेल का, हा प्रश्न मग उरतो. बजरीगर नीट ठेवला तर 5 ते 10 वर्षं जगतो, कॉकाटील 15 ते 20. आज बारावीत असलेल्या मुलाने कॉकाटीलची पिल्लं काढली, तर त्याची नोकरी, लग्न, बदली सगळं होईपर्यंत ती पिल्लं कुणाच्या तरी घरी असणार आहेत.

दुकानात देणं हा शेवटचा पर्याय ठेवा. द्यायचीच वेळ आली तर आधी दुकानात जाऊन उभे राहा. एका पिंजऱ्यात किती पक्षी आहेत, पाण्याच्या वाटीत विष्ठा आहे का, नाक-डोळे ओले असलेला पक्षी बाकीच्यांतच ठेवलाय का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. तिथल्या पक्ष्यांकडे बघून तुम्हाला जे वाटेल, तेच तुमच्या पिल्लांच्या वाट्याला येणार.

आणि 'सोडून देऊ, आकाश मोकळं आहे' हा विचार डोक्यातूनच काढा. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1840 मध्ये जॉन गूल्डने तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तेव्हापासून त्याच्या शेकडो पिढ्या पिंजऱ्यात वाढल्या. आपल्याकडे सोडलेल्या पिवळ्या-निळ्या पक्ष्याला दाणे कुठे मिळतात ते माहीत नसतं आणि कावळ्याला, शिक्र्याला तो लांबून दिसतो. बहुतेक एक-दोन दिवसांत संपतात. जगलेच, तर इथल्या पक्ष्यांना नवे रोग देण्याचा धोका वेगळाच.

कायदा

इथे गोंधळ फार आहे, म्हणून थोडं नेमकं लिहितो. आपला हिरवा देशी पोपट, पहाडी पोपट, मुनिया, डोंगरी मैना हे सगळे वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. ते पकडणं, पाळणं, विकणं, त्यांची पिल्लं काढणं यातलं काहीही चालत नाही. 'आजोबांच्या काळापासून आमच्याकडे मिठू आहे' हे कारण कायद्यापुढे टिकत नाही. कुणी देशी पोपटाची जोडी 'ब्रीडिंगसाठी' देऊ करत असेल, तर व्यवहार तिथेच संपवा.

परदेशी पक्ष्यांबाबत चित्र वेगळं आहे. 2022 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या प्राण्या-पक्ष्यांची नवी अनुसूची कायद्यात आली. त्यांतला कोणताही जिवंत पक्षी जवळ असेल तर त्याची नोंदणी करावी लागते. ती 'परिवेश 2.0' या सरकारी पोर्टलवर होते. पिल्लं झाली, पक्षी मेला, दुसऱ्याला दिला, तर तेही कळवावं लागतं. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड हे तिन्ही साइट्सच्या यादीबाहेर आहेत. झेब्रा फिंचचंही तसंच. फिशर लव्हबर्ड, सन कॉन्युअर आणि बहुतेक मोठे परदेशी पोपट यादीत आहेत. करड्या आफ्रिकन पोपटाला 2017 पासून परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक वर्गात घातलं आहे. अशा पक्ष्यांची पिल्लं काढायला वेगळा परवाना लागतो.

म्हणून नवख्याने यादीबाहेरच्या पक्ष्यापासूनच सुरुवात करावी. लव्हबर्ड घेताना गुलाबी चेहऱ्याचा आणि फिशर यांतला फरक शिकूनच दुकानात जा. फिशरच्या डोळ्याभोवती पांढरं ठळक वलय असतं. या दोघांची जोडी लावून 'नवा रंग' काढण्याचा उद्योगही काही जण करतात. त्यातून निघालेली संकरित पिल्लं बहुधा वांझ असतात आणि त्यांना कुठल्या जातीत धरायचं याचा पत्ता लागत नाही. पिल्लं नियमित विकायची असतील तर पेट शॉपसाठीचे 2018 चे केंद्रीय नियम वाचा आणि तुमच्या विक्रीला नोंदणी लागेल का, हे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे आधी विचारून घ्या.

मादीच्या अंगावर काय पडतं

बजरीगरच्या मादीचं वजन असतं 30-35 ग्रॅम. एक अंडं सुमारे दोन ग्रॅमचं. पाच अंडी म्हणजे दहा-बारा दिवसांत तिच्या शरीरातून वजनाचा जवळजवळ तिसरा भाग बाहेर पडतो आणि त्यातलं कवच सगळं कॅल्शियमचं. हे कॅल्शियम बाजरी आणि राळ्यातून मिळत नाही. निव्वळ दाण्यांवर वाढलेल्या मादीच्या अंगात अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही कमी असतात. मग अंडं आत अडकतं. फुगलेली, पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, शेपूट वर-खाली हलवणारी, कधी पाय लुळे पडलेली मादी दिसली, की समजा वेळ थोडा आहे. तिला ऊब द्या आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न करू नका. अंडं आत फुटलं तर मादी जात नाही असं क्वचितच होतं.

हे टाळायची तयारी मडकं लावण्याआधी निदान दोन महिने सुरू होते. आयुर्वेदिक जडीबुटीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पिंजऱ्याला कायम अडकवलेला हवा. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, मोड आलेले मूग रोज थोडे. पाला स्वच्छ धुऊन. औषध फवारलेल्या पाल्याने पक्षी मरतात. उकडलेलं अंडं कवचासकट बारीक करून देतात. शाकाहारी घरात त्यावरून वाद होतात, म्हणून आधीच ठरवून घ्या: अंडं चालणार नसेल तर मोड आलेली कडधान्यं आणि उकडलेला मका यांवर भर द्यावा लागेल आणि कॅल्शियमच्या थेंबांबद्दल डॉक्टरांना विचारावं लागेल. असलं ओलं खाणं दोन-तीन तासांनी काढून टाकायचं, उन्हाळ्यात त्याही आधी. आणि सकाळचं कोवळं ऊन अंगावर यायला हवं. खिडकीच्या काचेआडून आलेलं ऊन इथे उपयोगी नाही, कारण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण काच अडवते.

वय पाहा. बजरीगरची मादी वर्षाची होईपर्यंत मडकं नको, कॉकाटीलची दीड वर्षाची होईपर्यंत. लहान बजरीगर ओळखायला सोपा: कपाळावरच्या बारीक आडव्या रेघा थेट नाकापर्यंत येतात. तीन-चार महिन्यांनी त्या मागे सरकतात आणि कपाळ स्वच्छ होतं. वयात आलेल्या नराची नाकपुडी निळी, मादीची तपकिरी. पण लुटिनो आणि अल्बिनो, म्हणजे पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या नरांची नाकपुडी गुलाबी-जांभळट राहते आणि दुकानात त्यांनाच बेधडक मादी म्हणून विकतात.

दुकानातून आणलेली 'जोडी' अनेकदा एकाच मडक्यातली भावंडं असतात. नर एका ठिकाणाहून आणि मादी दुसरीकडून घ्या. नवा पक्षी महिनाभर तरी वेगळ्या खोलीत ठेवा, त्याची भांडीही वेगळी. हे करायला घरात जागाच नसेल, तर पिल्लं काढायलाही जागा नाही असं समजा.

दोन खेपा झाल्या की मडकं काढायचं. इथेच बहुतेकांचा हात थरथरतो. मादी पुन्हा मडक्यात जायला बघते, नर तिला भरवतो, आणि 'इतकी इच्छा आहे तर होऊ दे' असं वाटतं. होऊ देऊ नका. बजरीगरची मादी पहिली पिल्लं अजून मडक्यात असतानाच पुढची अंडी घालायला लागते, मोठ्या पिल्लांची पिसं उपटते, कधी त्यांना मारतेही. दोन खेपांनंतर सहा महिने विश्रांती. चार-पाच वर्षांची झाली की निवृत्ती.

कॅलेंडर आणि घर

महाराष्ट्रात मडकं लावायचा हंगाम पावसाळा ओसरल्यावर सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर संपतो. पावसात दाण्यांना बुरशी धरते, कोंदट हवेत पक्ष्यांच्या फुप्फुसाला ती लागते, आणि कोकणात तर मुंग्या मडक्यात शिरून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला खातात. पिंजऱ्याच्या साखळीला मुंग्या येऊ नयेत म्हणून तेलात भिजवलेली चिंधी बांधणं किंवा स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणं, हे जुने उपाय अजून चालतात. विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतरचं ऊन मडक्यातल्या पिल्लांना सोसत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घाई करू नका, याचं आणखी एक कारण दिवाळी. फटाक्यांच्या आवाजाने रात्री अंधारात पक्षी बिथरतात, पिंजऱ्यावर आपटतात. कॉकाटील यात जास्त घाबरट. अंड्यांवरून उडालेली जोडी परत बसेलच असं नाही. मडकं भाऊबीज झाल्यावर लावा. दिवाळीआधीचं रंगकामही तोवर आटोपलेलं असतं. ऑइल पेंटचा वास पक्ष्यांना सोसत नाही. तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर तर मिनिटांत मारतो. पिंजरा स्वयंपाकघराजवळ असेल तर आधी तो हलवा.

जागा किती? बजरीगरच्या एका जोडीला पिल्लं काढायला निदान दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पिंजरा. कॉकाटीलला तीन फूट लांब. एकाच मोठ्या पिंजऱ्यात अनेक जोड्या सोडायच्या असतील तर जोड्यांच्या दुप्पट मडकी, सगळी एकाच उंचीवर. नाहीतर वरच्या मडक्यासाठी माद्या एकमेकींना रक्तबंबाळ करतात. नवख्याने एका पिंजऱ्यात एकच जोडी ठेवावी.

घरातल्या माणसांचाही विचार करा. कॉकाटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. घरात कुणाला दमा असेल तर पिंजरा बैठकीच्या खोलीत ठेवताच येणार नाही. पक्ष्यांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस हा आजारही लक्षात ठेवा. फ्लूसारखा ताप आणि खोकला रेंगाळला, तर आपल्या डॉक्टरांना 'घरी पक्षी आहेत' हे आवर्जून सांगा. ते आपण होऊन विचारत नाहीत.

आणि सुट्ट्या. अंड्यांवर बसलेली जोडी शेजाऱ्यांकडे हलवता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तुमच्याकडे लग्नकार्य, सहल, मुलांच्या परीक्षा काय आहे, ते पाहून ठरवा.

मडक्याच्या आत

समजा ठरवलं. मग आत काय चालतं ते कळलं पाहिजे. बजरीगरमध्ये फक्त मादी अंडी उबवते. नर बाहेर राहून तिला भरवतो. कॉकाटीलमध्ये दोघं पाळीने बसतात, दिवसा बहुधा नर. अंडी दिवसाआड येतात. बजरीगरचं अंडं साधारण 18 दिवसांत फुटतं, कॉकाटीलचं त्याहून दोन-तीन दिवस उशिरा.

दिवसाआडच्या या क्रमामुळेच खरी अडचण होते. बजरीगरची मादी पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसायला लागते, त्यामुळे पिल्लंही दिवसाआड निघतात. सहावं पिल्लू बाहेर येतं तेव्हा पहिलं दहा दिवसांचं, त्याच्या कित्येक पट मोठं झालेलं असतं. धाकटं खाली चेंगरतं किंवा भुकेलं राहतं. रोज एकदा, मादी खायला बाहेर आली की हात धुऊन मडकं उतरवा. पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी पाहा: ती टंच भरलेली आणि आत फिकट दाणे दिसत असतील तर ठीक. चपटी, सुरकुतलेली असेल तर त्याला कुणी भरवत नाही. दुसऱ्या जोडीकडे त्याच वयाची पिल्लं असतील तर तिथे ठेवता येतं; म्हणून अनुभवी लोक एकाच वेळी दोन जोड्यांना मडकी लावतात.

अंडी सात दिवसांची झाली की अंधारात टॉर्चवर धरून पाहा. आत लाल शिरांची जाळी दिसली तर जीव आहे. पिवळसर स्वच्छ दिसलं तर रिकामं. रिकामं अंडं लगेच काढू नका. लहान पिल्लांना त्याचा टेकू आणि ऊब मिळते.

आता मडकं. गुळगुळीत तळाच्या मडक्यात पिल्लांचे पाय घसरतात आणि बेडकासारखे बाजूला फाकून तसेच घट्ट होतात. असं पिल्लू मोठं झालं तरी दांडीवर बसू शकत नाही. तळाशी लाकडाच्या भुशाचा दोन बोटं जाड थर द्या. सागवानाच्या बारीक धुळीपेक्षा जाडसर छिलके बरे. खोलगट तळाची लाकडी पेटी मिळाली तर आणखी चांगलं. विष्ठेने भुसा ओला झाला की बदला. पिल्लांच्या पायाला चिकटलेली विष्ठा वाळून दगड होते आणि बोट वाकडं करते. कोमट पाण्यात पाय भिजवून ती सोडवायची, ओढायची नाही.

एक साधी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. पक्षी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच पडतं. वाटी काठोकाठ भरलेली दिसते, खाली दाणा एकही नसतो. पिल्लं भरवणारी जोडी सकाळी भरलेली वाटी दुपारपर्यंत संपवते. दिवसातून दोनदा वाटीवर फुंकर मारून पाहा.

बजरीगरची पिल्लं पाचव्या आठवड्याच्या आसपास बाहेर येतात, पण बाप त्यांना आणखी आठ-दहा दिवस भरवतो. ती स्वतः दाणे फोडून खाताना दिसल्याशिवाय वेगळी करू नका. कॉकाटीलला आठ ते दहा आठवडे लागतात. मागणी आहे म्हणून चौथ्या आठवड्यात पिल्लू देणाऱ्याकडून तुम्ही स्वतः पक्षी घेऊ नका, आणि तसं देऊही नका.

इथे 'हँडफीडिंग'चा मोह येतो. दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू काढून सिरिंजने भरवलं की ते माणसाळतं आणि भाव जास्त येतो. पण पेज 39-40 अंशांची हवी. थोडी थंड असली तर गळ्यातच आंबते, जास्त गरम असली तर पिशवी भाजून तिला भोक पडतं. सिरिंज चुकून श्वासनळीकडे गेली की पिल्लू हातातच जातं. दर तीन-चार तासांनी भरवणं नोकरी करणाऱ्याला जमत नाही. पिल्लू आई-बापांनाच वाढवू द्या, दुसऱ्या आठवड्यानंतर रोज पाच-दहा मिनिटं हातात घ्या. तेवढ्याने ते पुरेसं माणसाळतं.

डॉक्टर आधी शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पक्ष्यांवर हात बसलेले कमी. जवळ कुणी नसेल तर मुंबईत परळ, शिवाय नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर आणि अकोला इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. त्यांच्या रुग्णालयात पक्षी पाहतात का, कोणत्या दिवशी, हे फोन करून विचारा. रात्री अकरा वाजता अंडं अडकलेल्या मादीसाठी किती किलोमीटर जावं लागेल, हे हंगामाआधी ठाऊक हवं.

नको असेल तर

एवढं वाचून 'आपल्याला नाही जमणार' असं वाटलं असेल, तर त्यात कमीपणा नाही. पक्षी तसेच छान ठेवता येतात, फक्त थोडी युक्ती लागते. मडकं, पेटी, नारळाची करवंटी, अंधारी कोपऱ्याची जागा असं काहीही पिंजऱ्यात ठेवू नका. दिवसाचा उजेड दहा तासांवर आणा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ठेवलेले पक्षी उन्हाळा आला असं समजून जोडीला लागतात. अंडं आणि मोडाचं खाणं कमी करा. तरीही मादीने पिंजऱ्याच्या तळाशी अंडी घातलीच, तर ती लगेच उचलू नका. उचलली की भर काढायला ती आणखी घालते. अंडी उकळून, थंड करून परत ठेवा आणि तिला कंटाळा येईपर्यंत बसू द्या. दोन-तीन आठवड्यांत ती आपण होऊन उठते.

नवे पक्षीच घ्यायचे असतील तर जोडीच्या ऐवजी दोन नर मागा. बजरीगरचे दोन नर एकमेकांशी छान राहतात, जास्त बोलतात, मडक्यासाठी भांडत नाहीत. दुकानदार म्हणेल, 'साहेब, जोडीच न्या, दोन नर कुणी नेत नाही.' निळ्या नाकपुडीचे, डोळे टवटवीत, कपाळावर अजून थोड्या रेघा असलेले दोन बघून घ्या आणि वेगवेगळ्या पिंजऱ्यांतले निवडा.